कुंपणापलीकडची शॉन

तुमच्या गल्लीत एका बाईला सगळे मान देऊन हाक मारतात आणि तिच्याच शेजारणीला नुसतं नावाने, तेही अर्ध्या, अशी जोडी आहे का? असेल, तर त्या दुसऱ्या बाईच्या पोटात सकाळ-संध्याकाळ काय शिजतं हे तुम्ही तिला कधी विचारलंय?

नसेलच विचारलं. ज्याला हाक नीट मिळते त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

रुफिना इसेनिया आमच्या टेकडीवर राहते. डचांच्या कुरासाव बेटावरची ही टेकडी नेमकी रिफायनरीच्या वाऱ्याखाली येते. इथे दोरीवर घातलेली पांढरी चादर वाळेपर्यंत पांढरी राहील याची हमी कोणी देत नाही. आणि या बाईने जन्मभर धंदा केला तो कपडे धुण्याचा नि इस्त्रीचा. वारा कुठे फिरणार हे तिला कुत्र्यांच्या आधी कळतं. मुलांच्या दंग्यातून मधेच उठून "आला, आला" म्हणत ती अख्खी दोरी खाली उतरवते, आणि मग पाच मिनिटांनी काजळी येते ती रिकाम्या दोरीवर. डच इंजिनियरांच्या बायका तिच्याकडे शर्ट पाठवायच्या. डॉमिनो खेळणारा पाचो म्हणायचा, "रुफीने इस्त्री केलेला शर्ट असा ताठ उभा राहतो की आत नवरा नसला तरी चालतं."

तिचं दुसरं काम पैशाचं नाही, मानाचं. निदान असायला हवं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की आठ संध्याकाळी त्याच्या घरी प्रार्थना होते. पुढच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर घालून मेणबत्त्या, क्रूस, पाण्याचा पेला असं मांडतात. शेवटच्या संध्याकाळी ती मांडणी उतरवली, की मेलेलं माणूस घर सोडतं. तोवर ते घरातच असतं, कोण आलं, कोण नाही आलं ते बघत. या आठही दिवशी पुढच्या खोलीत प्रार्थना सांगणारी बाई बसते आणि मागे स्वयंपाकघरात कॉफी, आल्याची बिस्किटं आणि बोकडाचं कालवण सांभाळणारी बाई उभी असते. आमच्या टेकडीवर पुढे बसते डिग्ना रोसारिया. मागे उभी असते रुफिना.

"शॉन डिग्ना, सुरू करा."

"रुफी, साखर कुठाय?"

एवढ्यात सगळं आलं. शॉन म्हणजे आमच्याकडे मानाच्या माणसाच्या नावाआधी लावायचा शब्द. बाई असो की बाप्या, आमची भाषा तिथे भेद करत नाही. पण पूर्वी ज्याच्या दावणीला आमचे आजे-पणजे बांधलेले होते, त्यालाच फक्त शॉन म्हणत. जमिनीचा मालक, मिठागरांचा मालक, माणसांचा मालक. पुढे दावण सुटली, पण शब्द गळ्यात राहिला. मालक गेले तेव्हा लोकांनी तो उचलून आपल्यातल्याच कुणाकुणाच्या डोक्यावर ठेवला, जुनी टोपी ठेवावी तसा. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती याच्यामुळे, पण ते पुढे.

डिग्ना काही आभाळातून पडलेली नव्हती. दोघी एकाच उतारावर वाढल्या, एकाच विहिरीचं खारट पाणी प्यायल्या. रुफिना चार महिन्यांनी मोठी. डिग्नाची पोरगी बाप्तिस्म्याला रुफिनाच्या हातात होती, म्हणजे दोघी एकमेकींच्या कोमाई झाल्या. आमच्याकडे लेकराच्या आईचं आणि त्याच्या धर्ममातेचं हे नातं सख्ख्या बहिणीहून घट्ट मानतात. "कोमाई, मीठ दे गं." "कोमाई, आज वारा बरा आहे." असं निवडुंगाच्या कुंपणावरून सगळं चालायचं.

मग जुनी प्रार्थना सांगणारी म्हातारी आंधळी झाली आणि डिग्नाने तिचं काम घेतलं. आवाज होता तिला, खोटं कशाला बोलू. एका रविवारी चर्चच्या दारात नवीन आलेल्या डच पाद्र्याने, ज्याला आमची भाषा अजून धड येत नव्हती, सगळ्यांदेखत मोठ्याने म्हटलं, "शॉन डिग्ना, तुमचे आभार." आणि त्याच श्वासात वळून, "रुफी, त्या खुर्च्या आत घे."

बस. त्या रविवारपासून डिग्ना शॉन झाली. बाहेरून आलेल्या गोऱ्या माणसाने चुकून फेकलेला शब्द लोकांनी झेलला आणि तो तिलाच चिकटला. रुफिनाने खुर्च्या आत घेतल्या. त्यानंतर "कोमाई" हा शब्द तिच्या तोंडून कुंपणापलीकडे गेला नाही. आणि "शॉन" तर नाहीच. ती डिग्नाला हाकच मारत नसे. गरज पडली तर खोकायची.

मत्सर म्हणजे काय ते मी त्या स्वयंपाकघरात बघितलं. मला मोर्चांमुळे इस्त्रीच्या दुकानातून काढलं तेव्हा मी तिच्या हाताखाली काम करायचे. प्रार्थना संपली की ती माझ्याकडे तबक द्यायची आणि सांगायची, "कानतुटका कप तिला." कप गरम असायचा, साखर बरोबर असायची, कॉफी इतरांहून दाट असायची. पण कप कानतुटका. तो नेमका डिग्नाच्या हातात जावा म्हणून रुफिना तो कप जपून धुवून स्वतःच्या घरून आणत असे. डिग्नाही वस्ताद. ती तो कप दोन्ही हातांनी धरायची, जणू चर्चमधला पवित्र पेला आहे, आणि म्हणायची, "रुफीच्या हातची कॉफी म्हणजे पोटाला आशीर्वाद."

"बघितलंस?" रुफिना दाराआडून मला म्हणायची. "रुफी म्हणाली. माझ्या घरच्या कपातून पिऊन मला रुफी म्हणाली."

"मग तू तिला डिग्ना म्हण की."

"मी तिला काहीच म्हणणार नाही. भिंतीला कोणी नाव घेऊन बोलतं का?"

एकोणसत्तरच्या मे महिन्यात कामगार रस्त्यावर उतरले, शहरातलं पुंडा पेटलं, खाडीपलीकडचं ओत्रोबांडा पेटलं, आणि आम्हांला पहिल्यांदा आमचा आवाज ऐकू आला. त्यानंतर मी शपथ घेतली की या तोंडातून "शॉन" कुणासाठीही निघणार नाही. आम्ही पत्रकं छापली. आमची भाषा शाळेत शिकवा, आणि मालकाचा शब्द गटारात टाका. मी टेकडीवर दारोदार फिरले. बहुतेकांनी पत्रक घेतलं आणि मासळी गुंडाळली. रुफिनाने मात्र दारातच ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

"म्हणजे आजपासून कोणालाच शॉन म्हणायचं नाही?"

"कोणालाच नाही."

"तिलासुद्धा?"

"रुफिना, प्रश्न तिचा नाही, प्रश्न मालकशाहीचा…"

"अगं पोरी, मालकशाही काय ती तू बघ. तिला नाही ना म्हणायचं, एवढं सांग."

माझ्या चळवळीला इतकी कट्टर कार्यकर्ती दुसरी मिळाली नाही. ती दुकानाच्या रांगेत, नळावर, चर्चच्या पायरीवर माझी पत्रकं वाटायची. आणि पहिल्यांदा कित्येक वर्षांनी तिने कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "डिग्ना, तुझी कोंबडी इकडे आलीय." नुसतं डिग्ना. तो आनंद तिच्या चेहऱ्यावर दोन दिवस होता. पण टेकडी ढिम्म हलली नाही. लोक माझ्या भाषणाला टाळ्या वाजवायचे आणि घरी जाताना म्हणायचे, "चला, शॉन डिग्नाकडे डोकावून जाऊ." पाचोने मला तोंडावर सांगितलं, "तुझं सगळं पटतं गं. पण शॉन डिग्नाला काय म्हणायचं मग? बॉम्ब टाकून रिकामी झालीस, नवीन शब्द कुठाय?"

मला राग आला. राग आला की मी भांडत नाही, आधी पुरावा गोळा करते. म्हटलं, हा शब्द कुठून आला ते शोधून काढू आणि चौकात त्याची चामडी सोलू.

पुस्तकं माझ्याकडे नव्हती, पण बंदर होतं. मदेइराहून रिफायनरीत आलेला एक पोर्तुगीज होता, भाज्यांचे वाफे राखायचा. त्याला विचारलं, तुमच्याकडे मालकाला काय म्हणतात? म्हणाला, सेन्योर, आमच्याकडे 'र' गिळला की सिन्यो. व्हेनेझुएलाहून फळांच्या होड्या येतात, तिथल्या नावाड्याला विचारलं. तो केळीचा घड खाली न ठेवताच म्हणाला, सेन्योर, आणि देवालाही तेच म्हणतात, आणि पोलिसालाही. हैतीचा एक खलाशी म्हणाला, मिस्ये, आणि फ्रान्सच्या राजाला नुसतं सीर. सेंट किट्सवरून आलेला वेल्डर म्हणाला, इंग्रज साहेबाला सर म्हणायचं, नाहीतर पगार कापतो. इटालियन जहाजाच्या आचाऱ्याने सिन्योरे म्हटलं आणि वर मला डोळा मारला. सगळ्यांचे आवाज वेगळे, पण कानाला कळतं की ही एकाच घरची भावंडं आहेत.

मग वाचनालयात जाऊन जाड कोश काढायला लावला. तिथल्या बाईने विचारलं, "कोणासाठी हवाय?" मी म्हटलं, "ज्यांच्या पैशातून घेतलाय त्यांच्यासाठी." कोशात काय निघालं? या सगळ्यांची आई एक लॅटिन शब्द, सेनिओर, आणि त्याचा अर्थ मालक नव्हे, राजा नव्हे, साहेब नव्हे. त्याचा अर्थ फक्त "वयाने मोठा". अमक्यापेक्षा तमका म्हातारा, बस एवढंच. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला, तिथून आमच्या माणसांच्या पायातल्या बेड्यांबरोबर इकडे आला आणि झिजत झिजत शॉन झाला. आणि डच? त्यांचा "मेनेर" या कुळातला नाही, म्हणून मी खूश झाले होते. तर त्यातल्या "हेर"चं मूळ निघालं "करड्या केसांचा". म्हणजे जर्मन मुलखातल्या लोकांनीही तीच नक्कल केली. अख्ख्या युरोपात माणसाला मोठं म्हणायचं तर आधी म्हातारं म्हणायचं, आणि मग ज्याच्या हातात चाबूक आला त्याने ते पिकलेले केस आपल्या डोक्यावर चढवले. पंचविशीतला मालकाचा पोरगा सत्तर वर्षांच्या गुलामाकडून स्वतःला "वडीलधारे" म्हणवून घ्यायचा. माझं रक्त उकळलं. याच्यावर मी असं भाषण केलं की माझा घसा बसला.

रुफिना पहिल्या ओळीत होती. भाषण संपल्यावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे मूळ अर्थ मोठी."

"हो. म्हणून तर म्हणतेय, किती ढोंग…"

"चार महिन्यांनी मोठी असली तरी मोठीच ना?"

मला तिचा रोख कळला आणि मी म्हटलं, "रुफिना, मी तो शब्द पुरायला निघालेय."

"पुर की. पण त्याआधी ज्याचा त्याला परत दे. चोरीचा माल पुरत नाहीत, आधी मालकाला दाखवतात." मग पुटपुटली, "इतकी वर्षं माझा शब्द नेसून मिरवतेय, आणि मी तिला कॉफी देतेय."

बघा, मी दिवा लावायला गेले आणि तिने त्यावर आपली इस्त्री तापवून घेतली.

त्याच वर्षी तिचा भाऊ दिओनीसिओ गेला. निसो म्हणायचे त्याला. गोदीत रंगकाम करायचा, अविवाहित, बहिणीच्याच घरात राहायचा, कमी बोलायचा. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आमच्याकडे माणूस गेलं की रेडिओवर बातमी वाचतात, दुपारच्या जेवणाच्या वेळी. मेलेल्याचं नाव, त्याला कोणत्या नावाने ओळखत ते, मग मागे राहिलेल्यांची नावं, नात्यागोत्यासकट. त्या वेळी अख्खं बेट चमचा हातात धरून गप्प बसतं. मजकूर द्यायला रुफिना स्वतः स्टेशनवर गेली. मी येते म्हटलं, तर म्हणाली, "तू भांडशील."

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात ऐकत होतो. निवेदकाचा तो खोल, ओला आवाज: "दिओनीसिओ इसेनिया, निसो या नावाने परिचित, देवाघरी गेले. त्यांच्या मागे शोक करत आहेत त्यांची थोरली बहीण शॉन रुफिना इसेनिया. तसेच शेजारीण, डिग्ना रोसारिया."

मक्याच्या पिठाची फुंची घोटता घोटता माझा हात थांबला. अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रुफिना चुलीकडे तोंड करून उभी होती, पण तिची मान मला दिसत होती. निसोसाठी ती सकाळपासून रडली होती, खरं रडली होती. आता त्या ओल्या गालांवर काहीतरी वेगळंच चढलं होतं. अख्ख्या बेटाने ऐकलं होतं. तिला शॉन, आणि डिग्नाला नुसती शेजारीण.

कुंपणापलीकडे रेडिओ फटकन बंद झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी दफन झालं, लोक घरी आले, मांडणी झाली, मेणबत्त्या लागल्या. पुढच्या खोलीतली मधली खुर्ची रिकामी. डिग्नाची पोरगी येऊन दारातच सांगून गेली, "आई म्हणते, ज्या घरात शॉन आहे तिथे शेजारणीचं काय काम. शॉननेच सांगावी प्रार्थना."

पलीकडच्या टेकडीवरच्या प्रार्थना सांगणाऱ्या बाईला निरोप पाठवला. तिचा उलटा निरोप आला, शॉन डिग्नाच्या हद्दीत मी पाय ठेवत नाही.

सगळे रुफिनाकडे बघायला लागले. ती म्हणाली, "बसा. मी सांगते." आणि अॅप्रन सोडून मधल्या खुर्चीत बसली. जन्मभर तिने ह्या प्रार्थना ऐकल्या होत्या. शेकडो मेलेल्यांसाठी ऐकल्या होत्या. तिने क्रूसाची खूण केली, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

तेव्हा आम्हांला सगळ्यांना एकदमच कळलं. तिने प्रार्थना ऐकल्या होत्या स्वयंपाकघरातून. तिथे भांड्यांच्या आवाजात पुढच्या खोलीतल्या एकटीचं सांगणं पोचत नाही. पोचतो तो लोकांनी एकमुखाने दिलेला प्रतिसाद, आणि ती हात न थांबवता तोच म्हणत आली होती. तिला सगळी उत्तरं येत होती. "त्याच्यासाठी विनव." "त्याला क्षमा कर." "त्याला उजेड दे." पण प्रश्न एकही येत नव्हता. कोणत्या संताला हाक मारायची, कोणत्या क्रमाने, तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "त्याच्यासाठी विनव." मग थांबली. मग परत, "त्याच्यासाठी विनव." लोकांना काय म्हणावं ते कळेना. उत्तराला उत्तर कसं द्यायचं?

पाचोने खाली मान घातली. मला तिच्याकडे बघवेना, आणि मदतही करता येईना, कारण मलाही तेवढंच येत होतं. मीसुद्धा स्वयंपाकघरातलीच.

आणि कुंपणापलीकडून आवाज आला. संथ, ओळखीचा, पण नेहमीहून मोठा. "संत योसेफा." डिग्ना तिच्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती, आमच्याकडे पाठ करून. खोलीतले सगळे एका दमात म्हणाले, "त्याच्यासाठी विनव." पुन्हा पलीकडून, "संत पेत्रा." "त्याच्यासाठी विनव." असं शेवटपर्यंत चाललं. निसोची प्रार्थना झाली. वाऱ्याने एखादा संत मधेच उडवून नेला तर ती परत त्याचं नाव घ्यायची.

संपल्यावर मी कॉफीचं तबक उचललं. विचारलं, "तिकडे एक नेऊ?"

"ने." मग मागून, "कप कोणता घेतलास?"

"कानवाला."

"ठेव तो खाली. दुसरा घे."

सात संध्याकाळी हेच. डिग्ना आपल्या अंगणात, आम्ही आत. गावात दुसरा विषय नव्हता. दुसऱ्या उतारावरचे लोकही यायला लागले, अर्धे इकडे बसायचे, अर्धे कुंपणाजवळ उभे. पाचो म्हणाला, "निसो जिवंतपणी इतक्या लोकांना भेटला नाही." रुफिना मधल्या खुर्चीत ताठ बसून राहायची आणि प्रत्येक उत्तर सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने द्यायची, जसं काही ती पलीकडच्या आवाजाला ढकलतेय. डिग्ना आवाज चढवायची. रुफिना आणखी चढवायची. बिचाऱ्या निसोला दोघींनी मिळून स्वर्गात फेकूनच दिलं असतं. त्या दिवसांत रुफिनाच्या तोंडी एकच वाक्य. "उपकार करतेय माझ्यावर. सगळ्यांना दाखवून करतेय."

आठवी संध्याकाळ अवघड होती. त्या दिवशी मांडणी उतरवायची, आणि ती प्रार्थना सांगणारीच्याच हाताने उतरते. तिने क्रूस आडवा करायचा, मेणबत्त्या विझवायच्या, पाणी उंबऱ्याबाहेर टाकायचं. ते झालं नाही तर निसो घरातच राहणार. ह्याच्यावर मी पत्रक काढणार नाही. मी मालकांना मानत नाही, पण मेलेल्यांना मानते.

कुंपणापलीकडून शेवटची प्रार्थना झाली. डिग्ना उठली नाही.

रुफिना दारात गेली. अंगण माणसांनी भरलेलं. उजेड अजून होता, सूर्य रिफायनरीच्या धुराड्यांमागे अडकलेला. ती म्हणाली, "डिग्ना, ये."

पाठ हलली नाही.

रुफिना उंबऱ्याबाहेर आली. "कोमाई," ती म्हणाली. किती वर्षांनी. माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, आता दोघी गळ्यात पडतील, आणि तो शॉन शब्द गेला उडत.

डिग्नाने मान थोडी वळवली. "कोण बोलावतंय?"

"मी. रुफिना."

"रेडिओवरची?"

एकजण फिसकन हसला. रुफिनाने मागे वळून टेबलाकडे पाहिलं. निसोचा फोटो, वितळत आलेल्या मेणबत्त्या. तिचे दात मला आवळलेले दिसत होते. मग तिने ते उघडले.

"शॉन डिग्ना," ती म्हणाली, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं. "आत या."

"आले गं, रुफी," डिग्ना म्हणाली आणि उठली.

तिने सगळं नीट केलं. तिच्याइतकं नीट दुसरी करणार नाही. क्रूस आडवा केला, मेणबत्त्या बोटांनी विझवल्या, पाणी टाकताना निसोला नावाने निरोप दिला आणि तेव्हा तिचा आवाज खरोखर फाटला, कारण लहानपणी तो तिच्यासाठीही झाडावरून फळं काढायचा. मग ती स्वयंपाकघरात आली, जिथे ती कधी येत नसे, आणि स्टुलावर बसली. रुफिनाने तिला कॉफी दिली. कप कोणता ते मी बघितलं नाही, मुद्दाम.

डिग्ना इकडे तिकडे बघत म्हणाली, "म्हणजे हे इथे असतं सगळं. मी तिकडे खुर्चीत खांबासारखी बसते आणि इथून हसण्याचे आवाज येतात. कोणाच्या मयताला काय चावट गोष्ट सांगितली, मला आजवर एकानेही सांगितलं नाही. शॉनला कोण सांगणार? तुझ्याभोवती मात्र नेहमी माणसं. मला वाटायचं, रुफीला कशाची कमी आहे."

मी रुफिनाकडे पाहिलं. डिग्ना गेल्यावर ती काय म्हणाली सांगू? "बघितलंस? तेही हवंय तिला. शब्द घेतला, आता स्वयंपाकघर हवंय."

त्याला खूप वर्षं झाली. दोघी अजून आहेत, दोघींचे केस कोशात म्हटल्याप्रमाणे करडे झालेत, आणि टेकडीवर अजून एकच शॉन आहे. रेडिओवर म्हटलेलं टिकलं नाही. आठव्या संध्याकाळी तिने स्वतःच्या तोंडाने ते परत दिलं, भावाला घराबाहेर पडता यावं म्हणून, आणि टेकडीने त्याची पावती फाडली. भावासाठी तिने काय दिलं ते कोणी बोलत नाही. जो देतो त्याला हसणं सोपं असतं. आता गुडघ्यांमुळे ती जास्त वेळ उभी राहत नाही. दुपारी निवडुंगाच्या कुंपणाजवळ खुर्ची टाकून बसते आणि वारा बघते. पलीकडे लोक येतात, "शॉन डिग्ना, कशा आहात" विचारतात, आणि तिचा जबडा हलतो. मी दर आठवड्याला जाते. फळं नेते, पाय चोळून देते, पण तो शब्द माझ्या जिभेवर येत नाही. मी शपथ घेतलीय, आणि शपथ मोडणाऱ्यांचं काय होतं ते मी संघटनेत पुष्कळ बघितलंय. ती मागतही नाही. नुसती बघते माझ्याकडे.

तुम्ही काही शपथ घेतलेली नाही. तुमच्या पणजोबांना या शब्दाने कोणी विकलेलं नाही. तेव्हा कधी बंदरावर उतरलात, तर रिफायनरीच्या वाऱ्याखालची टेकडी कोणालाही विचारा आणि वर या. निवडुंगाच्या कुंपणाजवळ दोरीवर पांढऱ्या चादरी दिसतील, शेजारी एक म्हातारी खुर्चीत बसलेली दिसेल. तिला हाक मारा, "शॉन रुफिना." एकदाच मारा, पण मोठ्याने, कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशी.